तुम्ही विचारलंत म्हणून: नवं घेत नाही, मग अंगावर येतं कुठून?

"यंदा दिवाळीला काय घेतलं?" या प्रश्नाला "काही नाही" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग हे अंगावर काय आहे?" कुणी कौतुकानं विचारतं, कुणी संशयानं. लग्नसराईत तर एखाद्या काकू कानाशी येऊन हळूच म्हणतात, "घरी सगळं ठीक आहे ना गं?" ठीक आहे, काकू. पगार वेळेवर होतो. मी विरक्त झालेली नाही, आरशासमोर तुमच्याहून जास्तच वेळ उभी असते. आता एकदा सगळं लिहूनच काढते.

मी नवे कपडे सहसा घेत नाही, पण यात मनोनिग्रह वगैरे काही नाही. माझा मनोनिग्रह तुळशीबागेच्या तोंडाशीच संपतो. खरेदीची हुक्की येते ती बहुतेक वेळा कपडे कमी आहेत म्हणून येत नाही, आहेत ते नीट बसत नाहीत म्हणून येते. कपाटात बारा कुर्ते असतात आणि घातले जातात चार. उरलेल्यांपैकी एकाचा खांदा उतरतो, एक छातीत दाटतो, एकाची बाही कोपरावर नको तिथे संपते. आपण तेरावा आणतो. मी त्या आठांपैकी सहा शिंप्याकडे नेते. फरक इतकाच आहे, आणि त्यासाठी काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात.

पहिली म्हणजे खांदा. तयार कुर्ता किंवा शर्ट घेताना बाकी सगळं विसरा आणि खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर येते का ते बघा. ती खाली घसरत असेल तर दोन्ही बाह्या उसवायच्या, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, नव्यानं कापायचा, बाही पुन्हा बसवायची, आणि एवढं करून मुंढ्याला चुण्या पडण्याची शक्यता असतेच. चांगला शिंपी हे काम टाळतो, वाईट शिंपी लगेच घेतो. बाजू, उंची, बाहीची लांबी, गळ्याची खोली मात्र सहज बदलता येते. गळा खोल करता येतो, उथळ करता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी म्हणजे माया, शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. शिवून घेताना बाजूच्या शिवणीत पुढच्या आणि मागच्या कापडाला प्रत्येकी एक इंच माया ठेवायला सांगा. त्यातली अर्धा इंच सोडली तरी दोन बाजू, पुढचं आणि मागचं धरून घेर दोन इंचांनी वाढतो. वजन थोडं वाढलं म्हणून अख्खा कपडा बाद होत नाही. तयार कपड्यात ही सोय नसते, शिवणीपाशीच ओव्हरलॉक मारून कापड छाटलेलं असतं. म्हणून तयार कपडा जरा सैल घ्यायचा आणि आत घ्यायचा. घट्ट घेऊन "बारीक झाले की घालीन" म्हणणाऱ्यांना मी काय सांगणार? पॅन्टची कंबर मागच्या मधल्या शिवणीतून दीड-दोन इंच आत घेता येते. त्याहून जास्त घेतली की मागचे दोन खिसे एकमेकांच्या गळ्यात पडतात.

साडी नेसणाऱ्यांचा खर्च साडीत होतो असं वाटतं, पण दिसणं ब्लाउजवर ठरतं. प्रत्येक साडीबरोबर आलेला ब्लाउजपीस शिवत गेलात तर वीस साड्यांना वीस ब्लाउज होतात, शिलाई वीसदा जाते आणि नीट बसणारे निघतात तीन. त्यापेक्षा अंगावर चोख बसणारे पाच शिवा: काळा, मरून, मोतिया, तपकिरीकडे झुकणारा सोनेरी आणि राखाडी. सुती अस्तर शिवण्याआधी भिजवून वाळवलेलं हवं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड फुगतं. सहावा म्हणून खणाचा ब्लाउज ठेवा, तो साध्या सुती साडीलाही उचलून धरतो. साडीतला पीस मात्र कापून घ्याच. साधारण 80 सेंटीमीटरचा तो तुकडा तसाच राहिला की निऱ्या वाढतात, पोटावर गठ्ठा होतो, आणि आपण दोष पोटाला देतो.

आता आत्याच्या इरकली साडीबद्दल. "हा कुर्ता कुठून घेतलास?" असं सगळ्यात जास्त ज्या कुर्त्याबद्दल विचारलं गेलं, तो या जुन्या साडीतूनच शिवलेला. मी दुकानाचं नाव सांगत नाही म्हणून काही जणी रागावल्याही आहेत.

साडी जांभळी, अंगात सुती, काठ लालसर, पदर नेहमीसारखा लाल-पांढरा रेशमी. इरकलीत पदराचा ताणा (उभे धागे) वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. या साडीत तो जोडच सुटायला लागला होता. खालचा काठ टाचेखाली येऊन कातरलेला होता आणि खांद्यावर पिनांनी चाळण झाली होती. रफू करून नेसण्याची अवस्था कधीच मागे पडली होती. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "काप, पण मला दाखवू नकोस."

जुनी साडी कापण्याआधी ती उजेडासमोर धरून हातभर हातभर सरकवत बघायची. जिथे जाळी दिसते तिथे खडूनं फुली मारायची. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड एकदा उभं, एकदा आडवं हलकेच ताणायचं. चर्र असा बारीक आवाज आला तर तो भाग कितीही सुंदर असला तरी सोडायचा. रेशीम घडीवर चिरतं, तिथे तर हा प्रयोग करायलाच हवा.

साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. खांद्यावरचा आणि पाठीवरचा भाग उन्हानं विटतो, खालचा काठ जमिनीनं खाल्ला जातो. पण निऱ्यांचा वरचा काठ वर्षानुवर्षं परकरात खोचलेला असतो, त्याला ऊन माहीत नसतं. म्हणून साडी उलटी धरायची: कमरेत खोचला जाणारा वरचा काठ कुर्त्याच्या घेराला घ्यायचा आणि झिजलेला खालचा काठ छाटून टाकायचा. या साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, 46 इंच होता. 4 इंचांचा काठ गेल्यावर 42 उरले, आणि घेराला मूळ काठाचीच किनार असल्यामुळे खाली दुमडायला काही लागलं नाही. खांद्याच्या शिवणीत अर्धा इंच गेला, कुर्ता साडेएकेचाळीसचा झाला.

साडीच्या लांबीचं गणित असं. घेराला पुढचा भाग 26 इंच, मागचा 26, बाह्या प्रत्येकी 16. एकूण 84 इंच, म्हणजे सव्वादोन मीटरच्या आत. दोन्ही काठ चांगले असते तर बाह्या एकाखाली एक कापता आल्या असत्या, एकीला वरचा काठ, दुसरीला खालचा. मग 16 इंचांतच दोन्ही निघतात. पण तेव्हा शिंप्याला बजावून सांगायचं की बाह्या आधी काढ. तो सरसकट एक काठ छाटून मोकळा झाला की एका बाहीला काठ येतो आणि दुसरी बोडकी राहते. साडीवर एका दिशेच्या बुट्ट्या असतील तर हा मार्गच बंद, कारण एका बाहीवर मोर डोक्यावर उभे राहतात.

जुन्या कापडाला अस्तर हवंच. नुसती शिवण मारली तर मुंढ्यापाशी आणि बाजूच्या कटांच्या टोकाशी महिनाभरात कापड फाकतं. अस्तर आणि वरचं कापड कडेनं धावदोऱ्यानं जोडून घ्यायचं आणि मग दोन्ही एकच समजून शिवायचं, म्हणजे ताण अस्तरावर जातो. सुई 11 नंबरची लावायची. 14 नंबरची जाड सुई जुन्या सुतात भोकं पाडते. टाका जरा मोठा ठेवायचा. बारीक टाके जवळजवळ आले की त्याच रेषेवर कापड पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. माप नेहमीच्या कुर्त्यापेक्षा दोन इंच सैल, कारण या वयाचं कापड अंगाशी झटापट सहन करत नाही.

पदराचा ब्लाउज झाला, तोही अस्तर लावून. खांद्याचा भाग आणि पिनांची चाळण बाजूला काढली तरी मीटरभर धड कापड उरलं, ते अजून कपाटात आहे.

आत्यानं शेवटी कुर्ता पाहिलाच. छान झालाय म्हणाली, हात फिरवला, आणि लगेच म्हणाली, "गोधडी शिवली असतीस तर साडी अख्खी राहिली असती." माझं म्हणणं असं की गोधडीत साडी आत दडते, इथे ती उजेडात आहे. तिचं म्हणणं असं की गोधडी घरच्यांच्या अंगावर असते आणि कुर्ता ऑफिसातल्या लोकांसाठी. यावर आमचं एकमत झालेलं नाही. मधूनमधून मला तिचंच पटतं.

नवरात्राच्या नऊ रंगांबद्दल लोक हमखास विचारतात, तेही सांगून टाकते. ही प्रथा या शतकाच्या सुरुवातीला एका मराठी दैनिकामुळे रुजली, पोथीत शोधू नका. रंग वारांवर ठरतात: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी नारिंगी. उरलेल्या दोन दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांपैकी काहीतरी येतं. बहुतेकींची अडचण राखाडी आणि नारिंगी या दोनच रंगांची असते आणि त्यासाठी दोन साड्या घेतल्या जातात. राखाडीला वर सांगितलेला ब्लाउज आहे. नारिंगीला नारिंगी काठाची कुठलीही साडी किंवा ओढणी चालते. ग्रुपच्या फोटोत कमरेच्या वरचंच दिसतं, त्यामुळे रंग पदर, ब्लाउज किंवा ओढणीत असला की पुरे.

निगा राखण्याबद्दल दोनच गोष्टी. रंग जाऊ नये म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवायची पद्धत घराघरांत आहे. मीठ रंगवताना सुताला रंग धरायला मदत करतं, पण आधीच सुटा असलेला रंग नंतर मिठानं पक्का होत नाही. थंड पाणी, वेगळी बादली, उलटं करून सावलीत वाळवणं, एवढंच खरं. आणि जरीची साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. मलमलीत गुंडाळा, दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका, अत्तर साडी नेसण्याआधी लावा.

घरातल्या पुरुषांचं काय, असंही विचारतात. शर्टाची कॉलर मानेपाशी विरली की ती पट्टीतून उसवून उलटी करून पुन्हा शिवता येते. पूर्वी घरोघरी करायचे. अडचण इतकीच की हल्ली आतलं ताठ कापड बहुधा एकाच बाजूला इस्त्रीनं चिकटवलेलं असतं, त्यामुळे उलटी कॉलर कधीकधी फुगे धरते. टोकाला बटणं असलेली कॉलर तर उलटवताच येत नाही.

आता पूर्वीच्या मला उत्तर द्यायला हवं. ती म्हणायची, सेलमध्ये 3000 चा कुर्ता 1200 ला मिळाला म्हणजे 1800 वाचले. मी म्हणते 1200 गेले. पण तिचा दुसरा मुद्दा मला खोडता येत नाही. ती म्हणायची, तोच कुर्ता पुन्हा घालायला पाठीशी काहीतरी लागतं. खरं आहे. नोकरीत मुरलेल्या बाईनं तीच साडी पुन्हा नेसली की लोक म्हणतात, किती साधी राहणी. नव्यानं लागलेल्या मुलीनं तेच केलं की म्हणतात, हिच्याकडे दोनच ड्रेस आहेत वाटतं. आमच्या ऑफिसात चहा देणाऱ्या मावशींना तर लोक न विचारता आपले जुने कपडे आणून देतात. माझ्या जुन्या कुर्त्याचं कौतुक होतं त्यात शिवणीचा वाटा किती आणि माझ्या पगाराचा किती, हे मला सांगता येणार नाही. म्हणून कुणाला साधेपणाचे धडे द्यायला मी जात नाही.

आणखी एक टोचणी आहे. सगळ्यांनी असं ठरवलं तर इरकल विणणाऱ्याच्या घरी चूल कशी पेटायची? मी वर्षाला एक हातमागाची साडी पूर्ण किमतीत, घासाघीस न करता घेते आणि वर्षभर त्याचं समाधान मिरवते. एका साडीनं कुणाचा माग चालत नाही, हे मला कळतं. जास्त घेतल्या तर हा सगळा लेख खोटा पडतो.

शिंपी कोण, हे मात्र विचारू नका, सांगणार नाही. वेळ तेवढी सांगते. दुरुस्तीचे कपडे आषाढात द्या. लग्नं थंडावलेली असतात, दुकानांत सेल लागलेले असतात, आपलं लक्ष तिकडे असतं आणि शिंप्याचे हात मोकळे असतात. कपडा धुऊन द्या, कुठे किती आत घ्यायचं ते अंगावर घालून पिना लावूनच दाखवा, आणि सोबत नीट बसणारा एक जुना कुर्ता मापाला ठेवा. गणपती जवळ आले की शिंपी नव्या ब्लाउजांच्या ढिगाखाली जातो, आणि मग दिवाळीपर्यंत दुरुस्तीचं नाव काढलं तरी फोन उचलत नाही.