तुम्ही विचारलंत म्हणून: त्या सिनेमात एवढं काय आहे?

कुणी सिनेमा सुचवा म्हटलं की मी दिग्दर्शक जोसेफ लोझीचा १९६७ चा ‘अ‍ॅक्सिडेंट’ सांगते आणि बघून झाल्यावर बहुतेक जण हेच विचारतात, मॅडम, दोन प्रोफेसर एका विद्यार्थिनीच्या मागे लागतात, यात तुम्हाला एवढं काय दिसतं?

मला त्यात ते दोन मित्र दिसतात. स्टीफन ऑक्सफर्डला फिलॉसॉफी शिकवतो, चार्लीही तिथलाच, पण तो कादंबऱ्या लिहितो, टीव्हीवर झळकतो. स्टीफनलाही टीव्हीवर जायचंय म्हणून तो लंडनला जातो, तर ज्याला भेटायचं तो आजारी, आणि दुसरा जो भेटतो (ते काम पटकथाकार हॅरॉल्ड पिंटरनेच केलंय) त्याला याच्याशी धड बोलायलाही वेळ नाही. मग हा एका जुन्या मैत्रिणीकडे जातो, तिथे दोघांचं बोलणं आपल्याला ऐकू येतं पण ओठ हलताना दिसत नाहीत. रात्री घरी येतो, बायकोमुलं घरी नाहीत, आणि घरात कोण तर चार्ली आणि ती विद्यार्थिनी, अ‍ॅना, जिच्यावर याचाही जीव जडलाय. आणि हा काय करतो, तर ऑम्लेट. आरडाओरडा नाही, भांडण नाही, मुकाट अंडी फोडतो.

ते ऑम्लेट मी ओळखते हो. आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या अगदी जवळच्या मैत्रिणीची पीएचडी माझ्याआधी झाली तेव्हा पेढे मीच वाटले, सगळ्यांना हसून हसून वाटले, आणि घरी येऊन रात्रभर छताकडे बघत पडले. ती मला आवडत होती, आजही आवडते. तरीही झालं ते. आम्ही शिकवणारी माणसं शब्दांवर जगतो ना, म्हणून असलं काही आम्ही कधी बोलून दाखवत नाही, आणि हे लोझी-पिंटरइतकं नेमकं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

पण स्टीफनची बाजू मी घेत नाही. अपघातात विल्यम हा विद्यार्थी मरतो, गाडी अ‍ॅना चालवत असते, स्टीफन तिला पोलिसांपासून लपवतो आणि त्याच रात्री, ती सुन्न असताना, तिच्यावर जबरदस्ती करतो. चार्लीला जे मिळालं ते मलाही, एवढंच उरलेलं असतं त्याच्यात. आणि अ‍ॅनाला काय हवं होतं हे सिनेमा शेवटपर्यंत विचारतच नाही, ते मला दर वेळी जास्तच खटकतं.