उल्हासनगरएवढ्या देशाचा फुटसाल

फुटसाल म्हणजे पाच-पाच जणांचा, छोट्या कोर्टवरचा फुटबॉल. २००८चा त्याचा वर्ल्डकप ब्राझीलमध्ये झाला. त्यात रशियाने प्रशांत महासागरातल्या सॉलोमन आयलंड्सला ३१-२ असं हरवलं. रशियाच्या पुला या एकट्या खेळाडूने नऊ गोल मारले. मॅच चाळीस मिनिटांची, म्हणजे सरासरी दर ७७ सेकंदांना एक गोल. त्याच स्पर्धेत ब्राझीलने सॉलोमनला २१-०, क्युबाने १०-२ आणि जपानने ७-२ असं हरवलं. चार मॅचमध्ये ६९ गोल खाल्ले, सहा मारले.

हा ३१चा आकडा लोक हसण्यावारी नेतात आणि तिथेच थांबतात, याचं मला वाईट वाटतं. पुढचे आकडे बघायला हवेत. २०१२ला थायलंडमध्ये हाच संघ रशियाकडून १६-० आणि कोलंबियाकडून ११-३ असा हरला, पण ग्वाटेमालाला त्यांनी ४-३ने हरवलं. वर्ल्डकपमधला त्यांचा पहिला विजय. २०१६ला कोलंबियात अर्जेंटिनाशी ७-३, कझाकस्तानशी १०-०, कोस्टा रिकाशी ४-२. तिन्ही हरले, पण ज्या अर्जेंटिनाला त्यांनी तीन गोल मारले तोच अर्जेंटिना पुढे जगज्जेता झाला. २०२१ला लिथुएनियात मोरोक्कोशी ६-०, थायलंडशी ९-४ आणि पोर्तुगालशी ७-०. त्या वर्षीचा जगज्जेता पोर्तुगाल. मॅचमागे खाल्लेल्या गोलांची सरासरी काढली तर १७, मग १०, मग ७, मग पुन्हा सातच्या जरा वर. जिंकण्याची यादी छोटी आहे, पण सुधारणा म्हणतात ती हीच.

देश केवढा? २००९च्या जनगणनेत सॉलोमन आयलंड्सची लोकसंख्या सुमारे ५ लाख १६ हजार होती. २०११ला आपल्या उल्हासनगरची ५ लाख ६ हजार. म्हणजे उल्हासनगरातून एक संघ निवडायचा आणि त्याला थेट रशियासमोर उभं करायचं. शिवाय ही माणसं शेकडो बेटांवर विखुरलेली, होनियारा ही राजधानी ग्वाडालकनाल बेटावर. ऑस्ट्रेलिया २००६मध्ये ओशनिया हा प्रशांत महासागरातल्या देशांचा फुटबॉल गट सोडून आशियाच्या गटात गेला, त्यामुळे ओशनियाची वर्ल्डकपची जागा मोकळी झाली आणि ती या संघाने सलग चार वेळा मिळवली. तिथले लोक संघाला 'कुरुकुरू' म्हणतात. कर्णधार एलियट रागोमो वर्षानुवर्षे या संघाचा कणा होता.

फुटसालला छोटा देश चालतो, कारण माणसं कमी लागतात. कोर्टवर पाच, पथकात चौदा. अकरा जणांच्या फुटबॉलला जेवढे चांगले राखीव खेळाडू लागतात तेवढे इथे लागत नाहीत. पण याच खेळात दुबळ्या संघाला लपायलाही जागा नाही, आणि ३१ गोलांचं कारण तिथे आहे.

मोठ्या मैदानावर हरणारा संघ काय करतो? बॉल बाहेर मारतो, थ्रो-इनला वेळ लावतो, बुटाची नाडी बांधत बसतो. नव्वदातली कितीतरी मिनिटं अशी जातात. फुटसालमध्ये बॉल बाहेर गेला की घड्याळ थांबतं. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, आणि ती पूर्ण चाळीस मिनिटं बॉल खेळात असतानाची. किक-इन (थ्रो-इनऐवजी कडेच्या रेषेवरून पायाने बॉल आत देणं), कॉर्नर, फ्रीकिक सगळं चार सेकंदांत घ्यावं लागतं. रेफरी हात वर करून बोटांवर मोजतो. गोलकीपरलाही स्वतःच्या अर्ध्यात बॉल चार सेकंदांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्याने एकदा बॉल दिला की समोरच्या संघाचा स्पर्श झाल्याशिवाय स्वतःच्या अर्ध्यात तो परत त्याच्याकडे पास करता येत नाही. केला तर इनडायरेक्ट फ्रीकिक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत ती. म्हणजे चार जणांनी वर येऊन दाबलं की मागे वळायची वाट बंद. दुबळा संघ घाईत पास देतो, बॉल जातो, गोल होतो, सेंटरला पुन्हा बॉल ठेवायचा आणि पुन्हा तेच.

त्यात खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, खेळ चालू असताना सुद्धा. मोठे संघ तीन-चार मिनिटांनी चौकडीच्या चौकडी बदलतात. दमलेला माणूस त्यांच्याकडे कोर्टवर दिसतच नाही. छोट्या संघाकडे चांगले सहा असतात आणि बाकीचे एक पायरी खाली. मग प्रशिक्षक त्या सहांनाच ओढत राहतो आणि दुसऱ्या हाफच्या मध्यापासून गोलांची रांग लागते. थकवा ओळखायची खूण सोपी आहे: बॉल गेल्यावर बचावाच्या जागेवर खेळाडू धावत येतोय की चालत, एवढंच बघा. एक जण चालला की चौघांचा आकार मोडतो. मोठ्या संघासमोर दुसरी फळी कच्ची असली तरी तिला अडीच मिनिटं द्यायची, मात्र ती मिनिटं निवडून: स्वतःची किक-इन असताना आत, स्वतःची किक-इन असताना बाहेर. बॉल समोरच्यांकडे असताना चौघांना एकदम बदलणं म्हणजे गोल आयता देणं.

बचाव कुठून सुरू करायचा, हा त्याहून मोठा निर्णय. चाळीस मीटरच्या कोर्टवर पूर्ण प्रेस करायला, म्हणजे समोरच्यांना त्यांच्याच अर्ध्यात जाऊन दाबायला, पायांत दम लागतो. छोट्या संघाने स्वतःच्या गोलपासून बारा-पंधरा मीटरवर चौकट बांधावी. एक पुढे, दोन बाजूंना, एक मागे, असा पतंगाचा आकार. पुढच्याने बॉलवर झेपावायचं नाही, फक्त मधला पास बंद करून खेळ कडेला ढकलायचा. चूक इथे होते: पुढचा खेळाडू हावरटपणे बॉल मारायला जातो, एका स्पर्शात चकतो, आणि मागच्या तिघांसमोर चार जण येतात.

आणि फाऊल. हा भाग आपल्याकडे टर्फवर खेळणाऱ्यांना जवळजवळ ठाऊकच नसतो. डायरेक्ट फ्रीकिकचे फाऊल प्रत्येक हाफमध्ये मोजले जातात. पाच झाले की टेबलावर त्या संघासाठी खूण ठेवतात. सहाव्यापासून प्रत्येक फाऊलला दहा मीटरच्या खुणेवरून फ्रीकिक, समोर भिंत नाही, फक्त गोलकीपर, तोही किमान पाच मीटर लांब. फाऊल गोलच्या अधिक जवळ झाला असेल तर तिथूनही मारता येते. मारणाऱ्याने थेट गोलकडेच मारायची. दमलेला संघ शर्ट ओढतो, पाठीवर हात टाकतो, आणि बाराव्या मिनिटालाच पाच फाऊल संपवून बसतो. उरलेली आठ मिनिटं मग बचाव करताना अंग चोरावं लागतं. दुबळ्या संघाने हाफमध्ये दहा मिनिटांपर्यंत दोनच फाऊल खर्च करायचे असं आधी ठरवून उतरावं. लाल कार्ड मिळालं तर दोन मिनिटं चौघांनी खेळायचं. त्याआधी गोल खाल्ला तर बदली खेळाडू लगेच आत येतो.

आता पॉवर प्ले, म्हणजे गोलकीपर काढून पाचवा खेळाडू पुढे आणणं. बहुतेकांना वाटतं हा शेवटच्या दोन मिनिटांतला हताश उपाय. दुबळ्या संघासाठी याचा दुसरा उपयोग आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वेळ काढायला बंदी असलेल्या खेळात वेळ खर्च करण्याचा एकच सरळ मार्ग उरतो: बॉल आपल्याकडे ठेवणं. पाच विरुद्ध चार असताना तो ठेवता येतो. चाळीस सेकंद पास फिरवला तर समोरच्यांना चाळीस सेकंद गोल मारता येत नाही.

जवळून बघू. पाचव्या खेळाडूला गोलकीपरच्या रंगाचा शर्ट घालावा लागतो आणि पाठीवर स्वतःचाच नंबर दिसायला हवा. म्हणून पाठीवर गोल भोक कापलेला शर्ट बाकावर तयार ठेवतात. तो वरून चढवला की आतला नंबर भोकातून दिसतो. भोक छोटं कापलं तर दोन आकडी नंबर अर्धा झाकला जातो, तेव्हा आधी घालून बघावं. गोलकीपर बदलीच्या पाच मीटरच्या पट्ट्यातून पूर्ण बाहेर आल्यावरच याने आत जायचं. घाई केली तर पिवळं कार्ड आणि समोरच्यांना इनडायरेक्ट फ्रीकिक. आत आल्यावर एक जण मागे मध्यभागी, दोन कडेला, दोन दूरच्या कोपऱ्यांत गोलरेषेजवळ. मागे मध्यभागी शक्यतो हाच नवा खेळाडू, आणि त्याने समोरच्यांच्या अर्ध्यातच उभं राहायचं. एक पाऊल स्वतःच्या अर्ध्यात गेला आणि तिथे पास घेतला की तोही गोलकीपरच, बॅकपासचा नियम त्यालाही लागू.

बिघडतं ते जवळजवळ नेहमी एकाच पासवर: एका कडेच्या खेळाडूने दुसऱ्या कडेच्या खेळाडूला सरळ आडवा, मधून दिलेला. तो कापला गेला की मागे गोल रिकामा आणि समोरच्याने अर्ध्या कोर्टावरून नुसता ढकलला तरी पुरतं. कडेवरून कडेला जायचं तर मागच्या माणसामार्फत, दोन पासांत. थेट पास फक्त समोरच्यांची पुढची जोडी पाठमोरी झाल्यावर.

मुंबईत याचा सराव कसा करायचा? आपल्या टर्फना आपण सवयीने फुटसाल म्हणतो, पण घाटकोपर असो की बोरिवली, खेळ वेगळा असतो. चारी बाजूंना जाळी, त्यामुळे बॉल बाहेर जात नाही आणि किक-इनच नाही. तासाचे पैसे भरलेले, त्यामुळे घड्याळ थांबत नाही. फाऊल कोणी मोजत नाही. बॉल बहुधा पाच नंबरचा, गवतावर उसळणारा. फुटसालचा बॉल चार नंबरचा, घेर ६२ ते ६४ सेंटिमीटर, वजन ४०० ते ४४० ग्रॅम. दोन मीटरवरून सोडला तर पहिली उसळी ५० ते ६५ सेंटिमीटर. साधा फुटबॉल त्याच्या दुपटीहून जास्त उसळतो. विकत घेताना दुकानातच सोडून बघावा. जड आणि मंद उसळीमुळे तो तळव्याखाली थांबवता येतो, आणि फुटसालचं निम्मं तंत्र तळव्यात आहे.

कोर्टसाठी सर्वांत सोयीचं म्हणजे शाळा-कॉलेजचं हँडबॉल मैदान: ४० बाय २० मीटर, गोल ३ बाय २ मीटर, दोन्ही मापं फुटसालला तंतोतंत बसतात. सहा मीटरची रेषाही जवळजवळ तीच. हँडबॉलमध्ये मधला सरळ भाग ३ मीटरचा, फुटसालमध्ये ३.१६, कारण इथे माप गोलपोस्टच्या बाहेरच्या कडेपासून घेतात. सरावाला तो फरक सोडून द्यावा. टेपने करायचं ते एवढं: सहा आणि दहा मीटरच्या खुणा, मध्यभागी तीन मीटर त्रिज्येचं वर्तुळ, आणि बाकांसमोर मध्यरेषेपासून पाच मीटर सोडून पुढचा पाच मीटरचा बदलीचा पट्टा. बास्केटबॉल कोर्ट १५ मीटर रुंद असतं, कडेचा खेळाडू तिथे मोकळा होतच नाही. त्यावर फक्त पासिंग करावं. पावसाळ्यात बंद हॉलची फरशी दमटपणाने आणि घामाने निसरडी होते. प्रत्येक थांब्याला कोरडा मॉप, आणि सपाट रबरी तळाचे बूट. टर्फचे खिळेवाले बूट हॉलमध्ये आणूच नयेत.

चार सेकंदांसाठी कबड्डीवाल्यांकडे बघावं. लालबाग-प्रभादेवीच्या मंडळांत वाढलेल्या रेडरला तीस सेकंद अंगात भिनलेली असतात, तो घड्याळाकडे बघत नाही. तसंच इथे करायचं. सरावात एक जण मोठ्याने 'एक, दोन, तीन' म्हणतो आणि तीनच्या आत बॉल सुटलाच पाहिजे. किक-इनवरून थेट गोल धरत नाहीत, त्यामुळे कोणाला द्यायचा हे बॉल रेषेवर ठेवण्याआधी ठरलेलं हवं. दोन ठरलेल्या किक-इन आणि दोन कॉर्नर, प्रत्येकी रोज वीस वेळा. छोट्या संघाचे गोल मुख्यतः इथूनच येतात, आणि टाइमआउट प्रत्येक हाफला एकच, एका मिनिटाचा असल्याने मॅचमध्ये नवीन काही शिकवायला वेळ मिळत नाही.

माणसांच्या संख्येने आपण छोटे नाही, पण फुटसालमध्ये भारत अगदी नवखा आहे. आशियाई फुटसालच्या पात्रता फेरीत आपला संघ पहिल्यांदा उतरला तो ऑक्टोबर २०२३मध्ये, दुशान्बेला. गटात म्यानमार, पॅलेस्टाइन आणि यजमान ताजिकिस्तान. तोच ताजिकिस्तान वर्षभराने उझबेकिस्तानात पहिल्यांदा वर्ल्डकप खेळला. त्या २०२४च्या वर्ल्डकपमध्ये ओशनियाकडून न्यूझीलंड गेला, कुरुकुरू घरी राहिले. त्यांच्या भागातली पात्रता स्पर्धा आठवड्याभरात एकाच शहरात उरकते, आणि एरवी त्यांना वरच्या दर्जाच्या मॅच फारशा मिळत नाहीत. सात गोलांवर आलेली सरासरी पाचवर आणायची तर त्यांना दरवर्षी आठ-दहा तरी अशा मॅच हव्यात, हरल्या तरी चालतील.