आर मधली नावांची टक्कर : कापसाच्या नोंदी, आठवडा तिसरा

मंडळी, वेचणीचा हिशोब वहीतून आर (R, आकडेमोडीची प्रोग्रामिंग भाषा) मध्ये आणायचं काम चालूच आहे, पण या आठवड्यात डेटा कमी भरला आणि तीन रात्री नावांच्या टक्करीतच गेल्या.

झालं असं, सरासरी नावाचं एक फंक्शन, म्हणजे नावानं बोलवायचा तयार हिशोब, मी स्वतः लिहिलं, एका वेचणीचे किलो दिले की माणशी किती कापूस पडला ते काढून देतं. मग लूपमध्ये, म्हणजे एकेका वेचणीसाठी तेच परत चालवताना, त्याचं उत्तर ठेवायलाही नाव दिलं सरासरीच. पहिली वेचणी बरोबर निघाली आणि दुसरीला आर म्हणतं की असं फंक्शनच सापडत नाही. बाबा बाजूलाच बसले होते, म्हणाले, काऊन रे, हिशोब जुळून नाही राहिला का?

डोकं यानं चक्रावलं की आर च्या स्वतःच्या मीन (सरासरी काढायच्या) फंक्शनसोबत हेच केलं तर काहीच बिघडत नाही. मीन नावातच मीनचं उत्तर ठेवा, परत कंस लावून मीन बोलवा, चालतं. कारण नावापुढे कंस दिसला की आर फक्त फंक्शन शोधतं, मधात त्याच नावाचा आकडा आडवा आला तर त्याला सोडून पुढं जातं, आणि बेस पॅकेजमध्ये (आर सोबतच येणाऱ्या फंक्शन्सच्या संचात) खरं मीन शाबूत असतंच. माझं सरासरी मात्र ग्लोबल एन्व्हायर्नमेंटमध्येच (आपण बनवलेल्या वस्तू राहतात त्या जागी) होतं, आकडाही तिथंच गेला, आणि एका जागी एका नावाची एकच वस्तू राहते. आकडा आला की फंक्शन गेलं. आता फंक्शनला कामाचं नाव देतो, सरासरी_काढा, आणि उत्तराला नुसतं सरासरी.

मला वाटायचं मराठी नावं रोमनमध्ये लिहिली की टक्कर होणारच नाही, बहुतेक वेळा होत पण नाही, पण वार? सोमवार मंगळवारसाठी व्ही ए आर लिहिलं, आणि ते तर व्हेरियन्सचं (आकडे किती विखुरलेत ते मोजायचं) फंक्शन निघालं! लाइट गेली, सेशन उडालं, मग मी स्क्रिप्ट मधूनच चालवली आणि वार चे पहिले 7 मागितले तर क्लोजर (म्हणजे फंक्शन) सबसेट होत नाही, त्यातला तुकडा काढता येत नाही, असा एरर. म्हणजे माझा वार तिथं नव्हताच, आर नं आपलं फंक्शन पुढं केलं. डीएफ आणि डीटी या नावांचंही तेच, दोन्ही आर सोबतच येणाऱ्या स्टॅट्स पॅकेजमधली फंक्शन्स आहेत. नवं नाव ठेवायच्या आधी एक्झिस्ट्स या फंक्शननं ते आधीच आहे का विचारून घ्या, ट्रू (हो) आलं तर दुसरं नाव शोधा. चुकून झाकलंच गेलं तर आरएम (रिमूव्ह) या फंक्शननं आपलं काढून टाका, खालचं मूळचं परत दिसतं.

एरर येतो ते तरी बरं, सगळ्यात घातक कॅपिटल टी, जे ट्रूचं छोटं रूप म्हणून लिहितात. एकूण किलोसाठी टी मध्ये 0 ठेवला, खाली सम या बेरजेच्या फंक्शनला एनए-आरएम (रिकाम्या नोंदी, म्हणजे एनए, सोडून दे) बरोबर टी दिलेलं, 0 असल्यानं ते झालं फॉल्स (नाही), आणि पावसानं वेचणी बुडालेल्या दिवसांमुळे सगळी बेरीज एनए. एरर नाही, वॉर्निंग नाही, काहीच नाही! ट्रू हा राखीव शब्द आहे, टी साधं व्हेरिएबल आहे, म्हणून पूर्ण ट्रूच लिहा. फिल्टरचंही लक्षात ठेवा, ओळी गाळायचं फिल्टर डीप्लायर या वेगळ्या पॅकेजचं आहे, ते लोड करायचं राहिलं तर स्टॅट्सवालं त्याच नावाचं दुसरंच फिल्टर चालतं, म्हणून पॅकेजचं नाव आणि दोन कोलन आधी लावतो.

आज सकाळी आर रिस्टार्ट करून पूर्ण स्क्रिप्ट वरून खालपर्यंत चालवली, तिन्ही वेचण्यांचे किलो वहीशी जुळले, बाबांना दाखवले.