फटीचा हिशोब

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया, चार दिवसांवर आली असताना आमच्या फ्रिजने मान टाकली. आधी दोन दिवस तो नुसता घरघरत होता. तिसऱ्या दिवशी घरघर थांबली आणि आतल्या कोथिंबिरीला घाम फुटला. मेकॅनिकने मागे वाकून पाहिलं, कॉम्प्रेसरवर हात ठेवला, "ताई, याच्यात आता पैसे घालू नका," म्हणाला आणि चहासुद्धा न घेता गेला. मेकॅनिकच स्वतःचं गिऱ्हाईक सोडून देतो म्हटल्यावर खरंच काही उरलं नसणार.

वैशाखातलं अमळनेर ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या यात्रेची तयारी चाललेली, नणंद दोन मुलांना घेऊन माहेरी येणार होती आणि आमरसाचं पातेलं ठेवायला घरात थंड जागा नव्हती. फ्रिज घ्यायचाच, यावर कुणाचं दुमत नव्हतं. कोणता घ्यायचा यावर मात्र रात्री अकरापर्यंत बैठक चालली. नवऱ्याला दोन दारांचा हवा होता. मुलीने मोबाइलवर साइड बाय साइड काढून ठेवला होता, कपाटासारखी दोन्ही दारं उघडणारा. मला भाजीचा खण मोठा हवा होता, बाकी काहीही चाललं असतं. सासूबाई, म्हणजे आमच्या जिजी, बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "माठ कोठे ठेवशात?"

माठाचं कुणाच्या मनातही नव्हतं.

आमचं स्वयंपाकघर १९९८ सालचं. सासऱ्यांनी मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून बांधून घेतलेलं. ओट्याच्या टोकाला फ्रिजचा कोनाडा, कोनाड्यावर कडप्प्याची फळी, आणि उजव्या हाताला भिंतीला टेकून जेमतेम फूटभर रुंदीचा माठाचा कट्टा. त्या काळी आमच्याकडे १६५ लिटरचा फ्रिज आला होता आणि सगळं माप त्याच्या अंगाबरहुकूम घेतलेलं. जुना फ्रिज ओढून बाहेर काढला तेव्हा मागच्या भिंतीवर पेन्सिलने लिहिलेला आकडा दिसला: २४. अक्षर सासऱ्यांचंच, चारचा हात वर मोडलेला. चोवीस इंच. त्याशिवाय तिथे एक चमचा, फुगडीच्या वेळी हरवलेलं नणंदेचं पैंजण आणि सत्तावीस वर्षांची मऊ, करडी धूळ होती. पैंजणावरून घरात जुनं भांडण होतं. एका कामवालीवर उगाच संशय घेतला गेला होता. त्यावर आता कुणीच काही बोललं नाही.

माप घेणं सोपं असतं असं मला वाटायचं. मिस्त्री इंचात बोलतो, कंपनी मिलिमीटरमध्ये छापते आणि भिंत स्वतःच्या मनाने वागते. वरच्या बाजूला कोनाडा ६१ सेंटिमीटर भरला. मध्यावर ६०, कारण तिथे भिंतीला थोडं पोट आलंय, जसं ते आम्हा सगळ्यांनाच आलंय. खाली ५९, कारण जमिनीलगतच्या टाइलची पट्टी दोन्हीकडून बाहेर आलेली. फ्रिजला ५९ हेच खरं माप, बाकीचे दोन आकडे मनाच्या समाधानासाठी. कडप्प्यापर्यंतची उंची १५७. त्यात माहितीपत्रकावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर मोकळं सोडा, मागेही सोडा, वर तर त्याहून जास्त. मी वजाबाकी केली. उरले ४९. एवढ्या रुंदीत मोठा फ्रिज सोडाच, आमचा मेलेला फ्रिजसुद्धा बसत नव्हता. तो ५३ चा होता आणि सत्तावीस वर्षं तिथे श्वास कोंडून उभा होता.

त्याला निदान एक सोय होती. त्याच्या पाठीवर ती काळी जाळी होती. आतली उष्णता जाळीतून मागे जायची आणि मागे हात घालायला जागा होती. फ्रिज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, हे शाळेत शिकलेलं. पण ते 'बाहेर' म्हणजे आपलंच स्वयंपाकघर, हे मला दुकानात उभं राहिल्यावर कळलं. नव्या फ्रिजांची पाठ गुळगुळीत असते. जाळीच्या नळ्या आता बाजूच्या पत्र्याच्या आत लपवलेल्या असतात, म्हणून तापतात त्या कुशी. बाजूची फट बुजवली की कॉम्प्रेसर धापा टाकत राहतो आणि बिल आपण भरतो.

दुकान जळगावचं. मी, नवरा आणि जिजी गेलो. जिजींना न्यायचं नव्हतं, पण त्या गाडीत आधीच बसलेल्या होत्या. पोऱ्या हुशार होता. "वहिनी, इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आहे, स्टॅबिलायझरची गरज नाही," हे त्याने तीनदा सांगितलं. मी त्याला आतल्या छोट्या पट्टीवरचं एक अक्षर वाचायला लावलं. फ्रिज किती गरम हवेत काम करायला बनवलाय ते त्या अक्षरावरून कळतं. 'एन' म्हणजे ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' म्हणजे ३८ (आपली लाल गाडी नव्हे, ती कितीही अंशांत चालते), आणि 'टी' म्हणजे ४३. आम्हाला हवा 'टी'. त्यापुढचं अक्षर नेहमीच्या यादीत नाही. आमच्या जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की पेपरात बातमी येते खरी, पण शेजारपाजारी त्याचं कुणाला नवल वाटत नाही. म्हणजे वर्षातले काही दिवस आमचा फ्रिज कागदावरच्या हद्दीबाहेर राबणार. मी हे पोऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "वहिनी, आम्हीपण राबतोच ना."

एवढ्यात जिजींनी चालू ठेवलेल्या एका मॉडेलच्या कुशीला तळहात लावला आणि चटकन मागे घेतला. "हाऊ ते तापी राहिना व माय! माठनं पानी तापी जाई."

झालं. ज्या कट्ट्याला हात लावू देणार नाहीत म्हणून आम्ही सगळे घाबरून होतो, तो पाडायची परवानगी त्यांनी तिथेच, दुकानात, सहा गिऱ्हाइकांसमोर दिली. मला तर वाटतं त्यांच्या डोक्यात हे आधीपासूनच होतं. माठ गार राहतो तो वाऱ्याने, पाझरलेलं पाणी उडून जातं म्हणून. इतकी वर्षं तो फ्रिज आणि भिंतीच्या बेचक्यात अडकून पडला होता. मागच्या खिडकीखाली तिवईवर गेला तर दोघांचंही भलं. कट्टा गेला की जागा होणार ८९ सेंटिमीटर. मुलीला फोन केला, तिने लगेच विचारलं, "मग साइड बाय साइड?" तो ९१ चा निघाला. शिवाय आमच्या पुढच्या दाराची चौकट आतून ७२. तो आणला असता तर अंगणात ठेवावा लागला असता.

मग फ्रिज आम्ही निवडला असं काही म्हणता यायचं नाही. १५० च्या आत उंची, साठच्या आसपास रुंदी, उजवीकडे उघडणारं दार नव्वद अंशांच्या पुढे जाईल एवढी मोकळीक, नाहीतर भाजीचा खण अर्धाच बाहेर येतो आणि तळाशी राहिलेला टोमॅटो वासावरून शोधावा लागतो. एवढ्या अटींतून दोनच मॉडेलं उरली. त्यातलं एक लाल फुलांचं होतं. म्हणून दुसरं घेतलं, दोन दारांचं, अडीचशे लिटरच्या जवळपास.

भाजीच्या खणाचा एवढा आग्रह मी का धरला होता, कोण जाणे. जळगावचं केळं आणि जळगावचं भरीताचं वांगं, दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि दोघांचंही फ्रिजशी वाकडं. केळं तेरा अंशांखाली गेलं की साल काळी पडते. वांग्यावर डाग पडतात, आत बी तपकिरी होतं. ते टोपलीतच बरं. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ डब्यात, ज्वारीचे बिबडे आणि कुरडया माळ्यावर. खानदेशी घरात फ्रिजच्या वाट्याला येतं ते दूध, कोथिंबीर, शेवभाजीचा उरलेला रस्सा आणि कुणीतरी लग्नातून आणलेली मिठाई.

जुन्याच्या दोन गोष्टींची मात्र आठवण येणार. एक म्हणजे त्याच्या वरच्या खणात साठणारा बर्फ. दर पंधरा दिवसांनी बटण दाबून तो वितळवायचा आणि खाली पातेली लावत बसायचं, त्या कामाला मी मनापासून शिव्या दिल्यात. पण भारनियमनाच्या दिवसांत लाइट तास न् तास जायची तेव्हा दूध नासू दिलं नाही ते त्याच बर्फाने. आणि दुसरी, स्टॅबिलायझर. डिसेंबरात आमच्याकडे थंडीही उन्हाळ्यासारखीच हट्टाने पडते, दही लागत नाही. जिजी विरजणाचं भांडं त्या कोमट पेटीवर ठेवायच्या, सकाळी सुरीने कापावं असं दही. नव्याला ती पेटी नको म्हणतात. मी दुकानातून निघताना स्टॅबिलायझर मागितला. पोऱ्या म्हणाला गरज नाही. मी म्हटलं, दह्याला लागतो.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी फ्रिज आला. चौकटीतून जाताना एका बाजूला दोन बोटं उरली, हमालाच्या बोटांची कातडी तेवढी सोलली. ठेवल्यावर लगेच चालू करायचा नव्हता. प्रवासात कॉम्प्रेसरमधलं तेल हलतं, ते परत खाली बसू द्यायचं. जिजींना हे सांगावं लागलं नाही, लांबून आलेल्याला लगेच कामाला लावत नाहीत एवढंच त्या म्हणाल्या आणि दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या नावाने घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा ठेवला, विस्तवावर नैवेद्याची आगारी टाकली. रस गार होता. पेन्सिलचा तो २४ मी गवंड्याला पुसू दिला नाही, पण आता तो फ्रिजच्या मागे गेलाय.

हिशोबाने डावीकडे पाच सेंटिमीटर मोकळे आहेत आणि उजवीकडे चोवीस, म्हणजे वीतभराहून थोडी जास्त फट. मी घरात सर्वांना बसवून सांगितलं की ही फट हवेची आहे, हिच्यात काहीही ठेवायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या दिवशी तिथे फडक्यात गुंडाळलेला कुरडयांचा सोऱ्या होता. मी काढला. मग पोळपाट आला, तोही काढला. नंतर मुलीचा बॅडमिंटनचा रॅकेट आला, त्यावर भांडण झालं.

आज सकाळी भाजीला निघाले तर कापडी पिशवी सापडेना. सगळीकडे शोधली. फटीत होती, घडी घालून, मीच ठेवलेली.