तुम्ही विचारलंत म्हणून: हाडांचे औषध कधी बंद करायचे?

"आईची हाडांची गोळी सुरू होऊन पाच वर्षे झाली, आता बंद केली तर चालेल का?" इंदूरच्या रामबागेतील माझ्या दवाखान्यात हा प्रश्न बहुधा रुग्णाची मुलगी किंवा सून विचारते. यावर माझा पहिला उलटप्रश्न असतो, औषध नेमके कोणते? हाडे ठिसूळ झाल्यावर दिली जाणारी सगळी औषधे लोक 'कॅल्शियम' म्हणूनच ओळखतात. पण कॅल्शियम हा पुरवठा आहे, फ्रॅक्चर टाळणारे औषध वेगळे असते, आणि ते थांबवण्याचे नियम औषधागणिक बदलतात.

आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आणि वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचे झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ही दोन्ही औषधे हाडातच जाऊन बसतात. हाड खरवडून काढणाऱ्या पेशी ती गिळतात आणि मंदावतात. साठा हाडात राहत असल्यामुळे औषध थांबवल्यावरही परिणाम काही काळ टिकतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत पाच वर्षांनंतर गोळी थांबवलेल्या आणि दहा वर्षे घेतलेल्या स्त्रियांची तुलना केली गेली. मणक्यांखेरीज इतर फ्रॅक्चरमध्ये फरक दिसला नाही, मात्र लक्षणे देणारी मणक्यांची फ्रॅक्चर थांबवलेल्या गटात ५.३ टक्के आणि चालू ठेवलेल्या गटात २.४ टक्के होती. म्हणून ज्यांचा खुबा किंवा मणका कधी मोडलेला नाही आणि हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत खुब्याचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा आकडा; जितका उणे, तितके हाड विरळ) उणे २.५ च्या वर आहे, त्यांना गोळीची पाच किंवा सलाइनची तीन वर्षे झाल्यावर मी औषधापासून काही काळ विश्रांती देतो. बाकीच्यांना सहसा नाही.

अर्थात, पाच वर्षे 'घेतली' म्हणजे कशी घेतली, हेही विचारावे लागते. ही गोळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते, आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवे व्हायचे नाही व काही खायचे-प्यायचेही नाही. आमच्या गावात सकाळचा चहा अर्धा तास लांबवा म्हणणे म्हणजे मोठीच मागणी आहे! पुष्कळ आजी चहाच्या घोटाबरोबरच गोळी गिळतात, मग तिच्यातले फारच थोडे रक्तात पोचते. अशांना विश्रांती कसली द्यायची? त्यांना, मूत्रपिंडे चांगली असतील आणि 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता भरून निघाली असेल, तर मी सरळ वर्षाचे सलाइन सुचवतो. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवतो.

दर सहा महिन्यांनी त्वचेखाली देण्याच्या डेनोसुमॅबची गोष्ट अगदी निराळी आहे. ते हाडात साठत नाही. सहा महिने उलटले की त्याचा परिणाम ओसरतो आणि हाडाची झीज पूर्वीपेक्षाही वेगाने होऊ लागते. एका काकूंना हे इंजेक्शन दुसरीकडे सुरू झाले होते. बरे वाटते म्हणून त्यांनी ते सोडले आणि वर्षभराने पाण्याची बादली उचलताना पाठीत कळ आली. एक्स-रेमध्ये तीन मणके दबलेले निघाले. या इंजेक्शनला महिन्याहून अधिक उशीर होऊ देऊ नये, आणि थांबवायचेच असेल तर त्याच्या जागी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा अ‍ॅलेंड्रोनेट द्यावेच लागते. इंजेक्शन सुरू करतानाच हे सांगितले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

या औषधांनी जबड्याचे हाड कुजेल या भीतीने पुष्कळ जण ती सोडतात. हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या मात्रेत हा प्रकार फारच विरळ आहे. दात काढायचे असतील तर ते काम शक्यतो औषध सुरू होण्यापूर्वी उरकावे. मांडीत किंवा जांघेत बोथट, सतत ठणकणारे दुखणे मात्र दुर्लक्षू नये. दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांत क्वचित मांडीच्या हाडाला तडा जातो, म्हणून असे दुखणे आल्यास पुढची गोळी किंवा इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना दाखवून दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढून घ्यावा, कारण न दुखणाऱ्या पायातही तो तडा सापडू शकतो.