जहाजात जागा असेल तेवढीच पलटण

सोलापुरातून समुद्र गाठायचा तर एक रात्र गाडीत काढावी लागते, आणि मी मात्र गेले काही महिने एका विज्ञानकथेसाठी अवकाशातले मरीन दल, म्हणजे जहाजातून जाऊन खाली उतरून लढणारे शिपाई, रचत बसलो आहे. या शिपायाला मराठीत धड शब्द नाही. 'नौसैनिक' म्हटले की जहाज चालवणारा डोळ्यांसमोर येतो आणि 'पायदळ' म्हटले की जहाजच सुटते, म्हणून मी सरळ 'मरीन' लिहितो.

पहिल्या खर्ड्यात मी पाच हजारांचे दल एकाच जहाजातून रवाना केले होते. ते ऐकून मामाने विचारले, "एवढ्यांना पाणी कुठलं देणार?" ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथल्या माणसाला पहिली शंका हीच यायची. मग हिशेब मांडला, आणि पाण्याच्याही आधी हवेचा. एका माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो; म्हणजे दीडशे माणसांना १२६ किलो, आणि चाळीस दिवसांच्या मोहिमेला, शुद्धीकरणाची यंत्रणा नसेल तर, पाच टनांहून अधिक. अमेरिकेचे सुमारे २,२०० जणांचे सागरी मरीन पथकसुद्धा साधारण पंधरा दिवसांची शिदोरी घेऊन निघते, आणि त्याला हवा तरी फुकट मिळते. पाच हजार तिथेच खोडले.

आता माझ्या जहाजावर दीडशे मरीन आहेत. त्यांची उतरंड मी शिवकालीन पायदळावरून घेतली: दहांचा नाईक, पाच नाईकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार. माझ्या जुमलेदाराकडे तीन हवालदार आहेत. अभिमानाचा भाग असेलही, पण खरी सोय अशी की दहाची तुकडी एका उतरणाऱ्या होडीत मावते आणि एक तुकडी दोन होड्यांत कधीच विभागावी लागत नाही. होडी भरकटली तरी नाईक आणि त्याची माणसे एकत्रच भरकटतात.

शत्रूच्या जहाजावर उड्या मारण्याचे प्रसंग मात्र मी काढून टाकले. इंग्लंडने ऑक्टोबर १६६४ मध्ये, म्हणजे इकडे सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १,२०० शिपायांची पहिली सागरी पलटण उभी केली, तेव्हा जहाजे एकमेकांना भिडत होती. पृथ्वीभोवती फिरणारे अवकाशस्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने जाते. दोन यानांचे वेग तंतोतंत जुळल्याशिवाय एकातून दुसऱ्यात पाऊल टाकता येत नाही, आणि लढण्याच्या स्थितीतला शत्रू ते जुळू देणार नाही. तेव्हा मरीनचे काम उरते ते स्थानके, गोद्या आणि शरण आलेल्या जहाजांची झडती.

सामान कसे भरायचे हेही मामाकडूनच शिकलो, कारण त्याचा जन्म चादरींच्या मालवाहतुकीत गेला आहे. मुंबईचे गठ्ठे ट्रकमध्ये आधी आत जातात आणि पुण्याचे शेवटी, दाराशी राहतात, कारण पुणे आधी लागते. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर उतरण्याच्या गॅलिपोली मोहिमेत ब्रिटिशांनी जहाजे या क्रमाने भरलीच नव्हती. ती अलेक्झांड्रियाला नेऊन पुन्हा भरण्यात कित्येक आठवडे गेले आणि तुर्कांना तयारीला तेवढी सवड मिळाली. ही गोष्ट सांगितल्यावर मामा म्हणाला, "आमचा क्लीनर नेला असता तर!"

हुकूम कोणाचा, हा प्रश्न मी थोडक्यात मिटवला. होडी जहाजापासून सुटेपर्यंत कप्तानाचा आणि स्थानकाच्या दाराला लागल्यावर जुमलेदाराचा. मधल्या प्रवासात होडी चालवणाऱ्याचा, मग आत कोणीही बसलेला असो.

अडचण उरली होड्यांची. जहाजावर त्या पाचच मावतात, म्हणजे एका खेपेत एकच हवालदार आणि त्याची पन्नास माणसे उतरतात, आणि होड्या परत येईपर्यंतचे दीड तास ती पन्नास माणसे एकटी असतात. १६७९ मध्ये शिवरायांच्या आरमारातले मायनाक भंडारी यांनी मुंबईजवळचे खांदेरी बेट टिकवले, त्यात इंग्रजांची नाकेबंदी चुकवून रात्री रसद आणणाऱ्या लहान होड्यांचा मोठा वाटा होता. माझ्या कथेत दुसऱ्या खेपेच्या पाचपैकी तीनच होड्या पोहोचतात. पुढचे प्रकरण त्या दीड तासाचे आहे आणि हवालदाराने पहिल्या खेपेत पाणी कमी घेऊन दारूगोळा जास्त घेतला आहे.