मुलांसोबत आगीनगाडीने निलगिरी: मेट्टुपाळयम ते कुन्नूर

उटीच्या टॉय ट्रेनबद्दल विचारणाऱ्यांना मी आता एकच सांगते: मुलं लहान असतील तर उटीपर्यंतचं तिकीट काढू नका, कुन्नूरला उतरा. वाफेचं इंजिन डोंगराच्या पायथ्याचं मेट्टुपाळयम ते कुन्नूर एवढंच असतं. पुढे उटीपर्यंत डिझेल लागतं. पूर्ण प्रवास 46 किलोमीटरचा, पण चढताना त्याला जवळजवळ पाच तास जातात आणि शेवटच्या तासाभरात मुलांचा धीर सुटतो. कुन्नूरपर्यंत साधारण साडेतीन तास लागतात. माझ्या चार वर्षांच्या मुलाला आणि सात वर्षांच्या मुलीला तेवढे पुरले.

आपल्याकडच्या मुलांना डोंगरातली छोटी गाडी म्हटलं की माथेरान आठवतं. ती गाडी गोडच आहे, पण तिला आता डिझेल इंजिन ओढतं. धूर आणि वाफ सोडणारं, घामाघूम झालेलं इंजिन नेहमीच्या कामावर बघायचं तर इथे यायला हवं. कुन्नूरपर्यंतचा मार्ग 1899 साली सुरू झाला, उटीपर्यंत गाडी 1908 साली पोचली. 2005 पासून हा मार्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

गाडी सकाळी 7.10 ला सुटते. त्यासाठी आदल्या रात्री मेट्टुपाळयमलाच राहा. कोइंबतूर तिथून जेमतेम 35 किलोमीटरवर आहे, पण पहाटे चारला मुलांना उठवून टॅक्सीत कोंबण्यात काही मजा नाही. सहाच्या सुमारास फलाटावर पोचलात तर इंजिन निवांत बघायला मिळतं. धाकट्याला आधी शिट्टीची भीती वाटली, तो कान दाबून माझ्या मागे लपला. दहा मिनिटं लांबून बघितल्यावर स्वतःच पुढे सरकला. गाडीत बसल्यावर अचानक शिट्टी ऐकण्यापेक्षा ही ओळख आधी झालेली बरी.

मुलीचा पहिला प्रश्न: इंजिन मागे का लावलंय? गाडी चढते तेव्हा इंजिन उताराकडच्या टोकाला राहून डबे ढकलतं, म्हणजे डबे निसटून मागे घरंगळायची भीती नाही. मग ड्रायव्हरकाकांना पुढचं कसं दिसतं? नाहीच दिसत. प्रत्येक डब्याच्या टोकाच्या कठड्यात एक ब्रेकवाला उभा असतो. सगळ्यात पुढचा ब्रेकवाला रूळ बघून झेंडी दाखवतो आणि ती खूण डब्याडब्यातून मागे इंजिनापर्यंत जाते. हे समजल्यावर आमच्या डब्यातली सगळी मुलं दरी सोडून झेंड्या बघत बसली.

कल्लारपर्यंत सुपारीच्या बागांमधून सपाट रस्ता आहे. त्यानंतर खरी चढण लागते: साडेबारा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. इथे दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या आहेत आणि इंजिनाखालचं दातेरी चाक त्यांत अडकत अडकत वर सरकतं. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकावर एक असे दोन सिलिंडर दिसतात. खालचा नेहमीची चाकं फिरवतो, वरचा दातेरी चाक. वाफ आधी खालच्यात काम करते आणि उरलेल्या जोरावर वरच्यात. खिडकीतून मुलांना हे दिसत नाही, म्हणून फलाटावर दाखवून ठेवा. चढण लागल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो तेव्हा त्यांना कारण लगेच कळतं.

देखावा सुंदर आहेच. बोगदे 16 आहेत आणि प्रत्येकात किंचाळायचं असतं, हा नियम गाडीतल्या मुलांनी न ठरवताच पाळला. पण मुलांची खरी चंगळ थांब्यांवर. इंजिनाला तहान लागते, म्हणून मध्येच जंगलात गाडी उभी राहते आणि पाणी भरलं जातं. हिलग्रोव्हला चहा-वडे मिळतात, पाय मोकळे करता येतात आणि माकडं असतात. खाऊचा पुडा हातात धरून मुलांना उतरू देऊ नका. आमच्या शेजारच्या काकूंची मुरुक्कूची, म्हणजे तिकडच्या चकलीची, अख्खी पिशवी बघता बघता छपरावर गेली. थांब्यावर मुलांना इंजिनाजवळ न्या, पण रुळांच्या बाजूने नको. शिट्टी झाली की लगेच चढा.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: गाडीत शौचालय नाही. शिवाय एका डब्यातून दुसऱ्यात जाता येत नाही, प्रत्येक कप्प्याला बाहेर उघडणारं स्वतःचं दार आहे. म्हणून मेट्टुपाळयमला आणि प्रत्येक मोठ्या थांब्यावर, गरज नसली तरी, मुलांना नेऊन आणा. दूध-पाणी जरा बेतानं. सामान ठेवायला जागा फारच थोडी, तेव्हा मोठी सुटकेस नको. स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मेट्टुपाळयमला घाम येतो आणि कुन्नूर सुमारे 1,700 मीटर उंचीवर आहे. पांढरे कपडे टाळा. ही इंजिनं आता बहुतेक तेलावर चालतात, तरी काळे शिंतोडे येतातच.

पहिल्या वर्गाचा डबा सगळ्यात पुढे असतो, समोरचा रूळ दिसतो. मला विचाराल तर लहान मुलांसाठी शेवटचा, इंजिनाला लागून असलेला डबा सरस. धूर खावा लागतो, पण आवाज तिथेच आहे.

आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांत झपाट्याने संपतं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला स्वतंत्र जागा हवी असेल तर पूर्ण भाडं भरावं लागतं. इथे ते भरा. बाक अरुंद आहेत आणि मांडीवर बसवलेलं मूल कुन्नूर येईपर्यंत दुप्पट जड होतं.

आपल्याला दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, पण तामिळनाडूत तो परतीच्या पावसाचा काळ. ऑक्टोबर ते डिसेंबर दरडी कोसळून, झाडं पडून हा मार्ग वारंवार बंद पडतो. मे महिन्यात गाडी चालते, पण गर्दी उसळते. शाळा बुडवायची तयारी असेल तर जानेवारी-फेब्रुवारीसारखा काळ नाही.

कुन्नूरला उतरलात की जेवून सिम्स पार्कमध्ये मुलांना पळू द्या. उटी बघायचीच असेल तर दुसऱ्या दिवशी डिझेल गाडीने जा. वेलिंग्टन, केट्टी, लव्हडेल अशी छोटी स्टेशनं लागतात आणि प्रवास तासा-सव्वातासाचा. परतीला बहुतेक जण बसने किंवा टॅक्सीने घाट उतरतात. त्या घाटात 14 हेअरपिन वळणं आहेत. आगीनगाडीत ज्या मुलांना काही झालं नाही त्यांनाही इथे मळमळतं. निघण्याआधी हलकंच खायला द्या, पुढची जागा धरा आणि एक प्लॅस्टिकची पिशवी हाताशी ठेवा.